प्रस्तावना : अंतर राखणारा वाटाड्या

छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूलवरून जाणारा रस्ता फुलंब्री, सिल्लोड करत अजिंठ्याला पोचतो. लेणी बघायला निघालेल्या गाड्या रोज सकाळी आमच्या दारावरून जातात. या रस्त्याच्या टोकाला असलेली लेणी जगाला नव्याने माहीत झाली ती एका शिकारीच्या निमित्ताने. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेतला जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी वाघाच्या मागावर वाघूर नदीच्या दरीपाशी आला आणि समोरच्या कड्यात त्याला दहाव्या लेण्याची कमान दिसली. आत जाऊन त्याने स्वतःचे नाव आणि तारीख कोरून ठेवली. त्याला तिथवर नेणारा एक गुराखी पोर होता, असे या भागात सांगतात. स्मिथचे नाव दोनशे वर्षांनंतरही वाचता येते. त्या पोराचे नाव मात्र कोणी लिहिले नाही.

हे पुस्तक त्या पोराच्या वारसांबद्दल आहे. जगात कुठेही जंगल बघायला जा, तुमच्या पुढे कोणीतरी असतो. त्याला ताडोबात गाइड म्हणतात, आफ्रिकेत रेंजर किंवा ट्रॅकर, गालापागोसमध्ये नॅचरलिस्ट. आपल्याकडचा जुना शब्द वाटाड्या. वाटाड्यासोबत वन्यजीव बघायला जाणे हा आता जगभरचा मोठा व्यवसाय झाला आहे आणि मराठी माणूस त्यात मागे नाही. दिवाळीच्या सुट्टीत मसाई मारात पोहे आणि थालीपीठ खाणारे गट भेटतात. मे महिन्यात ताडोबाच्या मोहर्ली गेटवर पुणे, ठाणे, नाशिकच्या गाड्यांची रांग लागते. एवढे लोक जातात, खर्चही मोठा करतात, पण आपण नेमके काय विकत घेतले याचा विचार फार थोडे करतात. परतल्यावर शेजारी एकच प्रश्न विचारतो, ‘वाघ दिसला का?’ दिसला असेल तर पैसे वसूल, नसेल तर फुकट गेले. या हिशेबात कुठे चूक आहे, ते सांगण्यासाठी ही प्रस्तावना थोडी लांबवतो आहे.

आधी शब्दाचे बघू. ‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेतला. अर्थ प्रवास. स्वाहिलीत तो अरबीतून आला आणि त्याच अरबी मुळातून आपल्याकडे फारसी-उर्दूच्या वाटेने ‘सफर’ आला. औरंगाबाद म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसारख्या जुन्या दख्खनी शहरात वाढलेल्याला तो शिकवावा लागत नाही. म्हणजे दूर आफ्रिकेतला वाटणारा हा शब्द आपल्या घरातलाच भाऊबंद आहे. मात्र मधल्या काळात त्याला बारुदाचा वास लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सफारी म्हणजे बंदूक, तंबू, हमालांची रांग आणि भिंतीवर टांगायला शिंगे. आपल्याकडे त्याचेच नाव शिकार. हाकारे घालणारे गावकरी, मचाणावर बसलेला साहेब किंवा संस्थानिक, खाली बांधलेले रेडकू. त्या काळीही वाघ कुठून निघेल हे साहेबाला ठाऊक नसे. ते ठाऊक असे गावातल्या एका माणसाला. नेम साहेबाचा, पण डोळे त्या माणसाचे.

नंतर बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, पण तो सहजासहजी आला नाही. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात १९२७ साली पर्यटकांच्या पहिल्या मोजक्या मोटारी शिरल्या. आपल्याकडे ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्यातल्या पहिल्या नऊ जंगलांत आपला मेळघाट होता. केनियाने १९७७ साली शिकारीवर सरसकट बंदी घातली. साधारण या पन्नास वर्षांत मचाण तेच राहिले, फक्त वर बसणाऱ्याच्या हातातली वस्तू बदलली. बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातल्या अभयारण्यांत पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून प्राण्यांची नोंद घेणारे लोक हे बघतातच. ज्या लाकडी फळ्यांवर पूर्वी बंदूक टेकवत, त्यांवर आता वही आणि पाण्याची बाटली असते.

वाटाड्याचे काम मात्र या बदलात अधिक अवघड झाले. शिकाऱ्याला प्राण्याच्या जितके जवळ नेता येईल तितके न्यायचे, एवढेच पूर्वी काम होते. आता त्याला जवळही न्यायचे असते आणि थांबवायचेही असते. माझ्या मते चांगल्या वाटाड्याची खूण याच दुसऱ्या कामात आहे. प्राणी शोधून देणारे पुष्कळ आहेत. ‘आता इथून पुढे नाही’ असे पैसे देणाऱ्या माणसाला तोंडावर सांगणारे थोडे.

जगात जिथे हा व्यवसाय नीट चालतो, तिथे या अंतराचे आकडे ठरलेले आहेत. रवांडात डोंगरी गोरिला बघायला एका कुटुंबापाशी दिवसाला आठच माणसांचा एक गट जातो आणि तासाभरात परततो. परवान्याची किंमत २०१७ पासून माणशी १५०० डॉलर आहे. आपल्याला सर्दी-खोकला असेल तर एवढे पैसे भरूनही पुढे जाऊ देत नाहीत, कारण माणसाचे आजार गोरिलाला लागतात. त्या पैशातला ठरलेला हिस्सा जंगलाभोवतीच्या गावांना मिळतो. डोंगरी गोरिला एकेकाळी काही शेकड्यांवर आले होते. आज ते हजाराच्या वर आहेत, आणि २०१८ मध्ये त्यांना ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गातून एक पायरी खाली आणले गेले. पहारा, औषधोपचार आणि पर्यटन या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र चालल्या.

गालापागोस बेटांवर राष्ट्रीय उद्यानाचा परवाना असलेल्या मार्गदर्शकाशिवाय बहुतेक ठिकाणी पाय ठेवता येत नाही. गट सोळा जणांचा. प्राण्यापासून निदान दोन मीटर दूर राहायचे. तिथले समुद्रसिंह माणसाला घाबरत नाहीत. ते स्वतःच अंगावर चालून येतात, तेव्हा मागे सरकायचे ते आपणच. अंटार्क्टिकात नेणाऱ्या कंपन्यांनी १९९१ मध्ये आपली संघटना स्थापून स्वतःवर नियम घालून घेतले. एका वेळी किनाऱ्यावर शंभरच माणसे आणि पेंग्विनपासून पाच मीटर अंतर. पाचशेहून अधिक प्रवासी नेणाऱ्या जहाजाने कोणालाही उतरवायचे नाही. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात १ जानेवारी २०२५ पासून ध्रुवीय अस्वलापासून किमान तीनशे मीटर दूर राहणे सक्तीचे आहे, आणि मार्च ते जूनच्या काळात पाचशे मीटर. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मीही हिशेब घातला की तीनशे मीटरवरून अस्वल म्हणजे एक पिवळसर ठिपका. मग एवढे लांब जायचे कशाला? या प्रश्नाचे उत्तर मला आमच्या तलावावर मिळाले. ते पुढे सांगतो.

नियम आहेत तिथे ते मोडणारेही आहेत. सेरेंगेटी आणि मसाई मारा मिळून जे गवताळ रान आहे, तिथे दहा लाखांहून अधिक वाइल्डबीस्ट पावसामागे फिरत असतात. जुलै ते ऑक्टोबर या दिवसांत मारा नदी ओलांडतानाचे त्यांचे दृश्य बघायला जग लोटते. २०२५ च्या जुलैत तिथल्या काही चित्रफिती फिरल्या. पर्यटक गाड्यांतून उतरून थेट नदीच्या काठावर उभे, आणि समोरच्या काठावर कळप खोळंबलेला. टांझानियाच्या सरकारला त्याबद्दल खुलासा करावा लागला. चित्रफिती बघून आपल्याकडेही लोकांनी नाक मुरडले. पण त्याच्या सहाच महिने आधी, २०२४ च्या शेवटच्या दिवशी, आपल्याच उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर असताना दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या जिप्सी गाड्या लागल्या आणि त्यांची वाट अडली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. वनविभागाने गाइड आणि चालकांवर कारवाई केली.

कारवाई योग्यच होती. पण त्या जिप्सींत बसलेल्या पर्यटकांपैकी कितीजणांनी ‘गाडी मागे घ्या’ म्हटले असेल? हा प्रश्न मी दुसऱ्याला विचारण्याआधी स्वतःला विचारला पाहिजे. काही वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याभोवतीच्या बफर क्षेत्रात मी स्वतः हेच केले आहे. दोन फेऱ्या रिकाम्या गेल्या होत्या, तिसऱ्या फेरीला मी गाइडला म्हणालो, ‘दिसला तर तुमचं बघतो.’ म्हणजे काय ते त्याला कळले. थोड्या वेळाने वायरलेससारखी तोंडोतोंडी बातमी आली, चालकाने गाडी पळवली, धूळ उडाली. वळणावर एक वाघीण रस्ता ओलांडायला उभी होती, मागे गवतात एक बछडा. आम्ही कचकन थांबलो. वाघिणीने आमच्याकडे बघितले, वळली आणि आल्या वाटेने परत गेली. बछडा दोन पावले पुढे आला होता, तो तिच्या मागे धावला. पलीकडे पाणवठा होता. मे महिन्याची दुपार होती. फोटो मिळाला, उत्तम मिळाला. तो मी आजवर कोणाला दाखवलेला नाही. गाइडचा दोष होताच, पण त्याची किंमत मी लावली होती.

म्हणून हे पुस्तक गाइड कसा असावा याइतकेच पाहुणा कसा असावा याबद्दलही आहे.

महाराष्ट्रात पाहुणा होण्याची उत्तम शाळा ताडोबा. ११६ चौरस किलोमीटरचे जुने राष्ट्रीय उद्यान आणि अंधारी अभयारण्य मिळून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. आज कोअर म्हणजे गाभा आणि बफर धरून तो सतराशे चौरस किलोमीटरच्या वर आहे. २०२२ च्या गणनेत देशात ३६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ मोजले गेले. जिप्सीत सहा पर्यटक, पुढे चालक आणि गाइड. गाइड बहुतेक करून गेटजवळच्याच गावातला. मंगळवारी जंगलाला सुट्टी, पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर कोअर बंद. २०१२ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातले पर्यटन काही महिने थांबवले होते. ऑक्टोबरात ते मार्गदर्शक तत्त्वांसह पुन्हा सुरू झाले. त्या काही महिन्यांत गेटवरच्या गावांना कळले की रोजी कशावर चालते, आणि शहरातल्यांना कळले की जंगल आपल्यासाठी उघडे असणे हा हक्क नाही.

ताडोबात पहिल्यांदा जाणाऱ्याला एक शब्द लवकर ऐकू येतो, ‘कॉल’. गाइड हात वर करतो, चालक इंजिन बंद करतो. ‘कॉल आहे.’ लांबून चितळाची कर्कश हाक येते, एकदा, दोनदा. झाडावर बसलेले वानर खोकल्यासारखे खाकरते. मग गाइड वाट बघतो ती सांबराची. चितळ कशालाही बिचकते, सांबर उगाच ओरडत नाही, असे तो सांगतो. सांबराचा कॉल आला की गाइडच्या मानेची शीर ताठते. वाघ अजून कोणालाही दिसलेला नसतो. पण त्याची चाल जंगलात ऐकू येते, इकडून तिकडे सरकताना कळते, आणि बांबूच्या बेटामागे कुठे तरी थांबते. पंधरा मिनिटांनी कॉल बंद होतात. वाघ बसला किंवा निघून गेला. गाडीतले चौघे ‘काहीच दिसलं नाही’ म्हणून हळहळतात. गाइडने मात्र पंधरा मिनिटे वाघ बघितलेला असतो. सफारीत आपण पैसे देतो ते हे कान-डोळे घडीभर उसने मिळावेत म्हणून.

वाघापलीकडेही महाराष्ट्रात अशा शाळा आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पर्यटक गावातल्या घरांत उतरतात, आमटी-भात, मोदक खातात, आणि सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर दोरीच्या अलीकडे उभे राहतात. पलीकडे वाळूतल्या घरट्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या. कार्यकर्ता एकेक टोपली उचलतो. कधी खाली मूठभर काळी पिल्ले वळवळत असतात, कधी नुसती वाळू. रात्रभर प्रवास करून आलेल्या लोकांना तो सरळ सांगतो, ‘आज पिल्लं नाहीत.’ कोणी भांडत नाही. टोपलीखाली काय असेल ते कोणाच्याच हातात नाही, हे तिथे लहान मुलालाही समजते. जिप्सीत बसल्यावर ते मोठ्यांना समजेनासे का होते, हे मला कोडे आहे.

उजनीच्या पाण्यावर भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळ भागात मासेमारी करणारी मंडळी हिवाळ्यात नावेतून रोहित पक्षी दाखवतात. जाळे टाकणाऱ्याला पाण्याची खोली माहीत असते, वारा माहीत असतो. तो नाव वल्ह्याने हळूहळू नेतो आणि थव्याने माना उंच केल्या की थांबतो. थवा उडाला तर फोटो सुंदर येतो, पण उडालेल्या पक्ष्याचे खाणे बुडते. चांगला नावाडी म्हणून थव्याला उडवत नाही. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मधमेश्वर हे २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ झाले. ठाणे खाडीतही रोहित बघायला बोटी जातात. महाराष्ट्राबाहेर, अरुणाचलातल्या ईगलनेस्ट अभयारण्यात पुण्यात काम करणारे खगोलशास्त्रज्ञ रमणा अत्रेय यांना एक नवा पक्षी सापडला. २००६ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिथल्या बुगुन समाजाचे नाव त्या पक्ष्याला दिले. नमुन्यासाठी पक्षी मारला नाही, काही पिसांवर भागवले. अजिंठ्याच्या गुराख्याचे नाव राहून गेले होते. इथे वाट दाखवणाऱ्या समाजाचे नावच पक्ष्याला मिळाले. या पुस्तकातला एक लेख त्यावर आहे.

आता आमच्या दारापाशी येतो. छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला वन्यजीव बघायला विमान लागत नाही. पैठणचा नाथसागर इथून तासाभराच्या वाटेवर. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले आणि १९८६ मध्ये त्या पाण्याला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस, चक्रवाक, रोहित, नाना जातींची बदके हिवाळ्यात तिथे उतरतात. १९८६ मध्येच कन्नडच्या बाजूला गौताळा औट्रमघाट अभयारण्य जाहीर झाले. बिबट्या, अस्वल, नीलगाय यांचे ते घर. २०२१ च्या मार्चमध्ये टिपेश्वर अभयारण्याकडचा एक वाघ शेकडो किलोमीटर चालत तिथे आला, कोणत्याही वाटाड्याशिवाय. त्याच्या आधी २०१९ मध्ये टिपेश्वरचाच रेडिओ कॉलर लावलेला दुसरा एक वाघ तेराशे किलोमीटर भटकून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. लोकांनी त्याचे नाव ‘वॉकर’ ठेवले. या वाघांची वाट शेतांतून, कपाशीतून, महामार्गांवरून गेली. जंगलाची सीमा नकाशावरच असते, हे त्यांनी आपल्याला दाखवले. शहरानेही ते पाहिले आहे. डिसेंबर २०१९ मध्ये सिडकोत बिबट्या शिरला आणि जुलै २०२४ मध्ये उल्कानगरीत सीसीटीव्हीत दिसला. हजारो रुपये भरून सफारीत बिबट्या शोधणारे आपण, तो गल्लीत आला तर कसे वागायचे हे मात्र शिकलेलो नाही. गर्दी करू नये, त्याला बाहेर पडायला वाट ठेवावी, एवढे दोन धडे जरी जिप्सीतून घरी आणले असते तर पुरे होते.

आणि हर्सूलचा तलाव. जुन्या शहराला पाणी देणारा. एका बाजूला जटवाड्याचे डोंगर, दुसऱ्या बाजूला कारागृहाकडचा रस्ता आणि हरसिद्धी मातेचे देऊळ. मी तिथे हिवाळ्यात सकाळी जातो. एकदा दुर्बीण लावून मी हळदीकुंकू बदकांची एक जोडी शोधत होतो. पलीकडे वारकरी पक्ष्यांचा मोठा थवा पाण्यावर पसरला होता. काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, म्हणून नाव वारकरी. पैठणच्या पाण्यावर हेच नाव किती शोभते! शेळ्या घेऊन आलेले एक म्हातारबाबा शेजारी उभे राहिले.

‘काय बघतो रे बाबा?’

‘बदकं.’

‘अन् घार कुठंय ती दिसली का?’

मी आकाश बघितले. रिकामे. ‘नाही.’

‘त्यांच्याकडं बघ ना. गोळा व्हाया लागले.’

खरेच, मघाशी पसरलेले वारकरी आता एकमेकांना चिकटून एका काळ्या चटईसारखे झाले होते. मिनिटभराने बाभळीच्या रांगेवरून एक पाणथळीतला शिकारी पक्षी पंख तिरके धरून तरंगत आला, थव्यावरून एक फेरी मारली, पाण्याचे शिंतोडे उडाले, आणि तो रिकामाच परत गेला. बाबांनी तोवर शेळ्या हाकलल्या होत्या. त्यांना दुर्बीण लागली नव्हती, वर बघावेही लागले नव्हते.

ताडोबातला सांबराचा कॉल आणि हर्सूलच्या तलावावरचे गोळा होणारे वारकरी ही एकच भाषा आहे. मारा नदीच्या काठी खोळंबलेला कळप, रवांडात छाती ठोकणारा गोरिला, माना उंच करणारे रोहित, सारे हीच भाषा बोलतात. वाटाड्या ती ऐकतो आणि आपल्याला सांगतो. ती कळू लागली की तीनशे मीटरवरचा पिवळसर ठिपकाही अस्वल होतो. तो का थांबला, वाऱ्याकडे नाक का केले, बर्फात काय हुंगले, याचा अर्थ लागतो. अंतर असूनही दिसते. किंबहुना अंतर असते म्हणूनच प्राणी आपल्यासाठी थांबत नाही, स्वतःच्या कामाला लागतो, आणि बघण्यासारखे जे काही असते ते त्याच कामात असते.

आता थोडे व्यवहाराचे. वन्यजीव सहलीत तीन वेगवेगळी माणसे आपल्यासोबत असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. टूर मॅनेजर तिकिटे, खोल्या आणि जेवणाचे बघतो. नॅचरलिस्ट प्राण्यांविषयी बोलतो, तो शहरातून गटासोबत आलेलाही असू शकतो. तिसरा तिथला गाइड किंवा ट्रॅकर. त्याला त्या जंगलाचा ओढा न् ओढा माहीत असतो. केनियात गाइडची परीक्षा घेऊन कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पायऱ्या दिल्या जातात. पहिले दोघे कितीही चांगले असले तरी तिसरा नसेल तर सहल फसते. माझा अनुभव असा की महागड्या सहलीत सर्वांत कमी पैसे याच तिसऱ्याला मिळतात. त्यामुळे सहल ठरवताना हॉटेलचे फोटो बघण्याआधी काही प्रश्न विचारा. गट किती जणांचा? स्थानिक गाइड आहे का आणि तो पूर्ण वेळ सोबत असेल का? एका प्राण्यापाशी जास्तीत जास्त किती वेळ थांबणार? आपल्या पैशातला किती हिस्सा त्या गावात राहतो? आणि प्राणी दिसला नाही तर काय करणार? शेवटच्या प्रश्नाला जो ‘दिसणारच, गॅरंटी’ असे उत्तर देईल, त्याच्याकडे पैसे भरू नका. खऱ्या जंगलाची गॅरंटी देणारा एक तर खोटे बोलतो किंवा प्राण्याला त्रास देतो.

बक्षिसी जरूर द्या, पण फेरी संपल्यावर द्या, आणि ज्या दिवशी काही दिसले नाही त्या दिवशी थोडी जास्त द्या. हे मी माझ्या त्या फोटोतून शिकलो.

पुस्तकाची मांडणी तीन भागांत आहे. पहिल्या भागात महाराष्ट्र आणि शेजार. दुसऱ्यात देशातली जंगले, वाळवंट, बर्फाळ दऱ्या. तिसऱ्यात परदेश. प्रत्येक ठिकाणी काय दिसते यापेक्षा कोण दाखवतो आणि कसे दाखवतो यावर भर दिला आहे. हंगाम, परवाने, नियम दिले आहेत, मात्र दर आणि नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी एकदा खात्री करून घ्यावी. मारुती चितमपल्ली, व्यंकटेश माडगूळकर, किरण पुरंदरे यांनी मराठी वाचकाला जंगलाची भाषा दिली. पक्ष्यांची जी मराठी नावे आज आपण सहज वापरतो, त्यांतली कितीतरी चितमपल्लींनी गोळा केली, आदिवासी आणि भोई-कोळ्यांच्या तोंडून. तेही शेवटी वाटाड्यांचेच ऋण.

वाचकांना एवढेच सांगणे आहे. हे पुस्तक उघडल्यावर आधी तिसऱ्या भागाकडे वळू नका. सेरेंगेटीला जायचे तर जरूर जा, पण त्याआधी आपल्या गावच्या तलावावर चार सकाळी काढा. हर्सूलच्या तलावावर आलात तर सूर्य उगवायच्या आत या, गाडी लांब उभी करा, आणि शेळ्या घेऊन कोणी आले तर त्यांना आधी बोलू द्या.

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
पक्षी सप्ताह, नोव्हेंबर